लहान मुलांच्या आयसीयूतली ट्रायल : स्वतःच्या पोरीला नाही म्हटलं, दुसऱ्याच्या पोराला साक्षीदार झालो

सातपूरकर | १२ ऑक्टोबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं मिसळ आणि जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर फिरतो. हे मात्र दोन महिने पोटात आहे आणि घरी विषय काढला की बायको उठून जाते, म्हणून इथं लिहितोय.

ऑगस्टमध्ये मुलीला न्यूमोनिया झाला. वय पाच. शुक्रवारी ताप, शनिवारी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे औषध, रविवारी रात्री हातपाय गार आणि हाक मारली तरी नुसती बघते, ओ देत नाही. डॉक्टरांनी स्वतः फोन फिरवून एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या आयसीयूत बेड मिळवला. नाव लिहीत नाही, विचारू नका. सेप्टिक शॉक म्हणाले, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्ताभिसरणच कोलमडलेलं.

रात्री दीडला बाहेर स्टीलच्या बाकड्यावर बसलो होतो. एक तरुण डॉक्टर आले, डोळे लाल, हातात कागद. म्हणाले, एक अभ्यास चालू आहे, दोन प्रकारची सलाईन आहेत, दोन्ही वापरात आहेत, कोणतं जास्त चांगलं ते बघतोय, तुमची मुलगी त्यात बसते. पुढची बाटली लावायच्या आत उत्तर हवं होतं. अकरा पानं. पहिल्याच पानावर 'यादृच्छिकीकरण'. मी कंपनीत क्वालिटीला आहे, रोज लॉटमधून रँडम सॅम्पल काढतो. पण त्या रात्री तो शब्द तीनदा वाचला आणि वाटलं, हे कुठलं तरी मशीन असावं. सासरे शेजारी होते. ते म्हणाले, "आपली पोरगी काय उंदीर आहे का?" मी नाही म्हटलं. डॉक्टर "ठीक आहे" म्हणून आत गेले, तोंड वगैरे वाकडं केलं नाही. मुलगी नऊ दिवसांनी घरी आली. आता शाळेत जाते, डबा परत आणते, सगळं नॉर्मल.

आता खरी गोष्ट. त्याच रात्री सुरगाण्याकडचं एक कुटुंब आलं, एकशेआठमधून, वणी-दिंडोरीमार्गे. मुलगा तीन-चार वर्षांचा. बापाला लिहिता-वाचता येत नाही. तीन वाजून गेले असतील, तेच डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "यांचा अंगठा घेतलाय, त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते, तुम्ही करता का?" मी केली. का केली, आजही सांगता येत नाही. बहुतेक आपण एकदा नाही म्हटलंय, आता दुसऱ्यांदा कसं म्हणायचं, असं वाटलं. पोरगी त्यांच्याच हातात होती ना.

मुलगा वाचला, हेही सांगतो. आम्ही बरोबरच वॉर्डात आलो. पण मला जे कळलं नाही म्हणून मी नाकारलं, ते त्या माणसाला कळलं होतं असं मी सही करून सांगितलं. हे काय केलं मी?

पंचवटीचा_पिंट्या | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५२

पोरगी घरी आली ना दादा. काळारामाला नारळ फोडा आणि झोपा.

कडू_कारलं | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

झोपा कसले. सातपूरकर, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. या देशात गरिबाच्या पोरांवर काय काय झालं त्याची यादी काढली तर धागा पुरायचा नाही. २०१२ मध्ये औषधांच्या ट्रायलवरून स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टानं सरकारचे कान उपटले, तेव्हा कुठं २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करा असं सांगावं लागलं. आपण होऊन कुणी काही केलेलं नाही. तुमच्या त्या सुरगाणावाल्याचं रेकॉर्डिंग कुठाय? विचारा जरा.

शिवाय आपल्या नाशकातच म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ, राज्यभरच्या एमडीवाल्यांचे थिसिस त्याच्याकडे. थिसिसला आकडे लागतात. आकडे कुठून येतात ते आता समजलं.

झोपमोड | १३ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मी मुलांच्या आयसीयूत काम करतो, नाशकातच, पण धागाकर्त्यांच्या त्या हॉस्पिटलात नाही. नाइट करून आलोय, चुका पोटात घाला.

सातपूरकर, तुमचं 'नाही' शंभर टक्के चालतं. कारणही द्यावं लागत नाही, आणि हो म्हणून दुसऱ्या दिवशी माघार घेतली तरी चालते. मुलीला त्या रात्री जे मिळालं ते आम्ही एरवी देतो तेच मिळालं असणार. साक्षीदाराचं बोलायला माझ्यापेक्षा योग्य माणूस इथं आहे, मास्तर येतीलच.

मला सासऱ्यांच्या उंदराबद्दल बोलायचंय. बाहेरून असं वाटतं की डॉक्टरला योग्य उपचार ठाऊक आहे आणि ट्रायलमध्ये तो मुद्दाम अर्ध्या मुलांना दुसरंच काहीतरी देतो. मोठ्यांच्या काही आजारांत ज्ञान पुष्कळ आहे. अत्यवस्थ मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही जे करतो त्यातलं बरंचसं मोठ्यांवरून उचललेलं, वजनाने भागलेलं, आणि आमच्या सरांनी केलं म्हणून आम्ही केलेलं. चालतं की नाही हे कुणी मोजलेलं नसतं.

मोजलं की काय होतं ते सांगतो. शॉकमधल्या मुलाला झपाट्याने सलाईन चढवायचं, त्याला आम्ही बोलस म्हणतो. हे इतकं पक्कं होतं की परीक्षेत न लिहिणारा नापास. केनिया, युगांडा आणि टांझानियात ताप आणि शॉकची लक्षणं असलेल्या ३१४१ मुलांवर हे तपासलं, निकाल २०११ मध्ये छापून आला. काहींना बोलस, काहींना न देता नुसतं हळूहळू सलाईन. पैज लावायला सांगितली असती तर मी डोळे झाकून बोलसवर लावली असती. ४८ तासांत बोलस मिळालेल्यांतली शंभरात साडेदहा मुलं गेली. न मिळालेल्यांतली सव्वासात. ट्रायल मधेच थांबवावी लागली.

लगेच कुणी म्हणू नका की मग आमच्या पोराला बाटल्या का लावल्या. तिथल्या हॉस्पिटलांत व्हेंटिलेटर नव्हते, मलेरियाची मुलं खूप होती. म्हणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय सूचनांमध्ये दोन वाटा केल्यात : आयसीयू हाताशी असेल तर पहिल्या तासात किलोमागे ४० ते ६० मिलीपर्यंत, मूल बघत बघत. आयसीयू नसेल आणि बीपी पडलेलं नसेल तर बोलस नको. म्हणजे तेच मूल सुरगाण्यात असताना एक उपचार बरोबर आणि द्वारका सर्कलला पोचल्यावर दुसरा. हे मोजल्याशिवाय कुणाच्या बापाला सुचलं असतं का?

तुमच्या रात्रीच्या प्रश्नासारखाच एक प्रश्न आपल्याच देशातल्या चार केंद्रांनी सोडवायला घेतला होता. ७०८ मुलं, सेप्टिक शॉक, साधं सलाईन की क्षार संतुलित असलेलं सलाईन. २०२३ मध्ये निकाल आला. किडनीला नवी किंवा वाढलेली इजा साध्या सलाईनवाल्यांत ३३ टक्के, दुसऱ्यात २१. मृत्यूंमध्ये फरक नाही. दोन्ही बाटल्या आमच्या कपाटात एकाच खणात असतात, आणि त्याआधी कोणती हाताला लागते यावर ठरायचं.

आणखी एक, हे मला स्वतःला लागलेलं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवायचं, मेंदू वाचतो, असं श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं. आम्हीही अगदी श्रद्धेने करत होतो. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांची ट्रायल २०२१ मध्ये आली : थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के गेली, न ठेवलेल्यांत ३१. तिकडचं आणून इकडं डकवलं की काय होतं ते बघा. आपल्या मुलांवर ट्रायल नको म्हणायचं, तर दुसऱ्यांच्या मुलांवरचे निष्कर्ष आपल्या मुलांवर न तपासता वापरायचे, एवढंच उरतं.

कडू_कारलं, थिसिसचं तुमचं अर्ध बरोबर आहे. पन्नास-साठ मुलांचे अभ्यास होतात, कपाटात जातात, त्यातून काही ठरत नाही. एवढ्याशा आकड्यासाठी आईबापाला रात्री दीडला गाठायचं का, हा प्रश्न मी माझ्या ज्युनियरना विचारतो. उत्तर येत नाही.

गोदेचं_पाणी | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

बापरे. वाचनखूण साठवली. त्या आफ्रिकेतल्या आईबापांना रात्री दीडला कुणी आणि कसं विचारलं?

झोपमोड | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

चांगला प्रश्न. मूल अगदी हातातून चाललेलं असेल तर तिथं आधी तोंडी होकार घेत आणि मूल सावरल्यावर सविस्तर लेखी संमती. ब्रिटनमध्ये तर आणखी पुढे गेलेत. तिथं १५ आयसीयूंत दोन हजारांवर मुलांमध्ये एक ट्रायल झाली, व्हेंटिलेटरवर रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्के ठेवायचं की ९४ च्या वर. २०२३ ला निकाल आला, कमीवालं किंचित बरं ठरलं. तिथं मूल आधी ट्रायलमध्ये जातं, आईबापांना नंतर विचारतात. नाही म्हणाले तर त्याची माहिती वापरत नाहीत. आपल्याकडे औषधांच्या ट्रायलला आधी सही लागते.

कडू_कारलं | १३ ऑक्टोबर, दुपारी ४:३१

नंतर विचारतात!! आणि इथं आपण साक्षीदाराच्या सहीवरून घाम पुसतोय.

कळवणची_ताई | १३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मी 'हो' म्हटलेली आई आहे. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाचा काहीतरी अभ्यास होता. शहर सांगत नाही.

मी हो का म्हटलं, तर खरं कारण लाजिरवाणं आहे. मला वाटलं अभ्यासात घेतलं तर जास्त लक्ष देतील. विचारणाऱ्या मॅडमनी दोनदा सांगितलं की असं काही नाही, सगळ्यांना सारखंच. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हो हो, असं म्हणावंच लागत असेल. माझ्या नवऱ्याला उलट वाटायचं की वेगळ्या यादीत नाव गेलं म्हणजे पोरगा हातचा गेला. दोघांनी एकच कागद वाचला होता.

रोज थोडं रक्त जास्त काढायचे. अर्धा चमचासुद्धा नव्हतं, पण त्या एवढ्याशा हाताला लावलेली ती पट्टी बघून मी दर वेळी विचारायची, हे अभ्यासाचं की आजाराचं? एका सिस्टरनी मग अभ्यासाच्या ट्यूबला निळं स्टिकर लावायला सुरुवात केली, मला लांबूनच कळावं म्हणून. ते कुठल्या नियमात नसेल. मला ती सिस्टर अजून आठवते, डॉक्टरांची नावं विसरले.

माझी तक्रार एकच. अठ्ठावीस दिवसांनी फोन आला, मुलगा कसा आहे विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर काही नाही. कोणतं औषध चांगलं निघालं? माझ्या मुलाला कोणतं होतं? वर्षं गेली. माणूस लग्नात आहेर देतो त्याचीसुद्धा वहीत नोंद करून परतफेड करतात हो आपल्याकडे.

झोपमोड | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४४

ताई, यावर माझ्याकडे बचाव नाही.

निवृत्त_मास्तर | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

झोपमोड यांनी वर बोलावलंच आहे, तर येतो. मी नाशिकरोडला सदतीस वर्षं मराठी शिकवलं. गेली काही वर्षं एका संस्थेच्या नीतिसमितीवर, म्हणजे ट्रायल तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य माणसांतला सदस्य आहे. समितीत किमान सात जण लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे सदस्य बाहेरचे. डॉक्टर असतात, कायद्याचा माणूस असतो, आणि माझ्यासारखा एक, ज्याला औषधातलं काही कळत नाही. माझी गरज त्यासाठीच असते असं मला सांगितलंय. मी तो कौतुकाचा भाग समजतो.

कडू_कारलं, व्हिडिओचं तुमचं ऐकीव आहे. २०१९ च्या नव्या नियमांत व्हिडिओ लागतो तो नवं रसायन किंवा नवा रेणू असेल आणि सहभागी दुर्बल गटातले असतील तेव्हा. मुलं त्यात येतातच. पण दोन जुन्या सलाईनच्या तुलनेला व्हिडिओची सक्ती नाही.

आता सातपूरकर. नियमाचे शब्द आहेत की वाचता-लिहिता न येणाऱ्याच्या बाबतीत त्रयस्थ साक्षीदार संमतीच्या संपूर्ण प्रक्रियेत हजर पाहिजे. संपूर्ण. समजावताना, प्रश्न विचारताना, अंगठा उठताना. तुम्हाला बोलावलं ते अंगठा झाल्यावर. तुमच्या मनाला जे टोचतंय ते बरोबर जागी टोचतंय. पण गुन्हा तुमचा नाही. ज्याचं पोर आत आहे त्याला त्रयस्थ म्हणायचं हेच मला पटत नाही. तो कुणाला नाही म्हणणार? आमच्या समितीत मी दर वेळी विचारतो की रात्रीचा साक्षीदार कोण? उत्तर येतं, "कुणीतरी असतंच सर." ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

त्या शब्दाबद्दल. 'यादृच्छिकीकरण' मी स्वतः शाळेत शिकवला असता तर मुलांनी माझ्याकडे बघून जांभई दिली असती. संमतीपत्रं इंग्रजीतून भाषांतर होऊन येतात, भाषांतर करणारा पुस्तकी माणूस असतो. मी भांडून एका ठिकाणी "नाणेफेक करून ठरवावं तसं" असं करवून घेतलं. एका सदस्य डॉक्टरना ते गंभीर वाटेना. म्हटलं, क्रिकेट बघता ना? पुढच्या कागदात पुन्हा यादृच्छिकीकरण आलं, तो भाग वेगळा. आणि सुरगाण्याच्या माणसाची घरची बोली कोकणी, कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे. आमचं 'सोपं मराठी'सुद्धा त्याला कितपत जवळचं?

अजून एक बोचतं ते लिहून टाकतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, मृत्यू झाला तर भरपाई. तिचं सूत्र आहे, आठ लाख आधाररक्कम धरून वय आणि आजाराची जोखीम यांनी कमीजास्त होतं. पण ज्याच्या तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा जास्त धरली आहे, त्याला सरसकट दोन लाख. हिशेब मला कळतो. तरी आयसीयूतल्या मुलाच्या बापासमोर तो कागदावर वाचून दाखवायची वेळ आली की माझा आवाज निघत नाही.

पंचवटीचा_पिंट्या | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मास्तर, सकाळी सहाला उठून एवढं शुद्ध लिहिलंत, तुमच्या वर्गातल्या मुलांची दया येते. बाकी दंडवत.

हरसूलकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १:००

मी त्र्यंबक तालुक्यातला. आमच्याकडे ट्रायल म्हटलं की लोक बिचकतात, पण विंचवाचं कुणी विसरू नये. लाल विंचू चावला की पोरगं घामाने निथळायचं, हातपाय गार, तोंडाला फेस, आणि सकाळपर्यंत खेळ खलास. माझ्या आजोबांच्या पिढीत प्रत्येक पाड्यावर अशी एक तरी गोष्ट. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाची साधी बीपीची गोळी वापरून ते चित्र बदललं. पण ते तिथं थांबले नाहीत. विंचवाची लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, गोळीबरोबर दिली तर फायदा होतो का, हे ७० रुग्णांवर ट्रायल करून बघितलं, ३५ एकीकडे, ३५ दुसरीकडे. दहा तासांत लस अधिक गोळीवाले ३२ पूर्ण बरे, नुसत्या गोळीवाले ८. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०११ ला छापून आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे कुठं झालं? महाडला. पुण्या-मुंबईला नाही.

अमेरिकेत ॲरिझोनातही विंचवाची ट्रायल झाली, ती थेट आयसीयूतल्या मुलांवर, २००९ ला छापली. त्यांचा विंचू वेगळा. फक्त १५ मुलं. लस मिळालेली आठच्या आठ चार तासांत ठीक, नुसतं खोटं औषध मिळालेल्या सातांतलं एक. हे आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, त्या सहा पोरांच्या आयांचं काय? ते म्हणाले, त्यांना झोपेची औषधं, आयसीयू, सगळं चालू होतं, वाऱ्यावर सोडलेली नव्हती. ठीक. पण माझा प्रश्न मला अजून योग्य वाटतो.

झोपमोड | १४ ऑक्टोबर, दुपारी १:२५

योग्यच आहे. म्हणूनच अशा ट्रायलवर एक वेगळी मंडळी नजर ठेवून असतात, उपचार करणाऱ्यांपेक्षा वेगळी. मधेच आकडे उघडून बघतात आणि एक बाजू उघड जिंकत असेल तर थांबवतात. ढाक्यात तसंच झालं. न्यूमोनियाच्या मुलांना महागड्या यंत्राऐवजी शाम्पूची रिकामी बाटली, पाणी आणि नळी जोडून बुडबुड्यांच्या दाबाने श्वास द्यायचा. २२५ मुलं झाली तोवर साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के गेलेली आणि बुडबुड्यांवर ४. थांबवलं. २०१५ ला छापून आलं. शाम्पूची बाटली!

रात्रपाळी_सिस्टर | १५ ऑक्टोबर, पहाटे ४:४०

ड्यूटीवर आहे, तुकड्यातुकड्यात लिहिते.

निळ्या स्टिकरवाल्या सिस्टरला सलाम. आम्हीही असलं करतो, वरच्यांना सांगत नाही.

संमती कुठं घेतात ते बघा आधी. आमच्याकडे चहाच्या मशिनशेजारी. माणूस एक हातात कप, एक हातात पेन, आणि मागून वॉचमन "एकच नातेवाईक, एकच नातेवाईक" ओरडतोय. एक बंद खोली आणि दोन खुर्च्या मिळाल्या तरी निम्मं काम होईल. मी डॉक्टरांना म्हणते, आधी सलाईन लावा, आईला बाळाचा हात धरू द्या, मग कागद काढा. काही ऐकतात.

रक्ताचं सांगते. नातेवाईक रात्री ब्लड बँकांच्या चकरा मारतात ते मी रोज बघते. पूर्वी हिमोग्लोबिन नऊच्या खाली आलं की लगेच "रक्त आणा". ६३७ मुलांची ट्रायल झाली, २००७ ला आली. बीपी वगैरे स्थिर असलेल्या मुलांत सातपर्यंत थांबलं तरी मुलं तेवढीच बरी होतात. थांबलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना रक्त लागलंच नाही. आता आमचे सर थांबतात. तेवढे बाप रात्री रस्त्यावर कमी. त्यांना माहीतही नाही की कुठल्या तरी परक्या आईबापांनी सही केली म्हणून ते आज बाकड्यावर झोपलेत.

आणि सातपूरकर, कुणी पुन्हा विचारलं तर एकच विचारायचं : मी नाही म्हटलं तर माझ्या पोराला काय देणार? समोरचा गडबडला तर सही करू नका. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबरही मागा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, फोनवर कुणालाही बघता येतं.

अलार्म वाजला. येते.

सातपूरकर | १८ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. बायकोलाही वाचून दाखवले, ती उठून गेली नाही.

सुरगाण्याच्या त्या भाऊंचा नंबर माझ्याकडे होता, वॉर्डात असताना घेतलेला. चार दिवस रेंज नाही, आज लागला. मुलगा छान आहे, शेळ्यांमागे पळतो म्हणाले. मग मी विचारलं, त्या रात्री कागदावर अंगठा घेतला तो कशाचा ते कळलं होतं का? मला वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "दोन बाटल्या होत्या. कोणची बरी ते डॉक्टरांनाबी ठावं नव्हतं. चिठ्ठी निघंल ती लावायची." एवढं नेमकं. अकरा पानं वाचून मला जे समजलं नव्हतं ते त्यांना न वाचता समजलं होतं. त्या तरुण डॉक्टरनी नीट सांगितलं होतं म्हणायचं.

मी जरा सुटल्यासारखा झालो. म्हटलं, मग तुम्ही विचार करून हो म्हणालात. तर म्हणाले, "नाही कसं म्हणणार भाऊ? नाही म्हटलं तर पोराला बाहेर काढलं असतं."

मी म्हटलं, नसतं काढलं. मी तर नाही म्हटलं होतं.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला होता? मग तवा सांगितलं का नाही?"

मी तिथंच होतो मंडळी. हातभर अंतरावर.

कागदाची प्रत त्यांच्याकडे आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. पुतण्याने शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर नीतिसमितीचा फोन नंबर आहे. माझी सही आहे. सहीपुढे वेळ लिहिलीय २:३५. ते अक्षर माझं नाही, आणि मी गेलो तेव्हा तीन वाजून गेले होते, कारण मुलीची तीनची नोंद मी काचेतून बघून आलो होतो.

ते तरुण डॉक्टर अडचणीत यावेत असं मला वाटत नाही. पोरीला त्यांनीच सांभाळलं. पण हे कुठंतरी सांगायला हवं. मास्तर, समितीला नुसता फोन पुरेल का?

निवृत्त_मास्तर | १९ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

फोन नको, पत्र लिहा. मराठीत लिहा, ते वाचणं त्यांचं काम आहे. कुणाला शिक्षा करा असं लिहू नका, काय घडलं तेवढंच क्रमाने : किती वाजता बोलावलं, अंगठा आधी होता की नंतर, वेळ कुणाच्या अक्षरात. भाऊंना विचारून मगच त्यांचा उल्लेख करा, आणि त्यांना हेही सांगा की पत्र गेलं तरी मुलाच्या पुढच्या तपासणीला काही आडकाठी येणार नाही. हे त्यांना दोनदा सांगा.

मसुदा व्यनि करा. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.

पंचवटीचा_पिंट्या | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

सुरगाण्याला पत्र वाचून दाखवायला जाणार असाल तर रविवारी माझी गाडी रिकामी आहे. डिझेल माझं, वणीला भजी तुमची.